ताजा तास कुणाच्या वाट्याला?

रशियन रसायनशास्त्रज्ञ आणि संगीतकार अलेक्झांडर बोरोदिन यांना त्यांचे संगीतप्रेमी मित्र उत्तम आरोग्य चिंतीत नसत. उलट तुम्ही आजारी पडावे अशीच त्यांची इच्छा असे, असे बोरोदिन यांनी स्वतःच एका पत्रात विनोदाने लिहिले आहे. कारण साधे होते. सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय अकादमीतील अध्यापन, प्रयोगशाळा, समित्यांच्या बैठका आणि १८७२ पासून स्त्रियांसाठी सुरू झालेला वैद्यकीय अभ्यासक्रम या साऱ्यांतून त्यांना संगीतरचनेसाठी सवड मिळे ती व्याख्यान देता येऊ नये इतपत प्रकृती बिघडली तरच. १८६९ मध्ये हाती घेतलेला त्यांचा ऑपेरा, १८८७ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी ते अचानक वारले तेव्हाही अपुराच होता. पुढे रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव या संगीतकारांनी तो पूर्ण केला.

हा विनोद प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले, पण ते फार टिकले नाही. अंगात किंचित कणकण भरल्यावर 'आज कामावर येऊ शकत नाही' असा निरोप पाठवला की मनात जी सुटकेची भावना येते, ती माझ्या चांगल्या परिचयाची आहे. ताप फारसा नसतो, अंग थोडे मोडून आलेले असते, पण खिडकीजवळच्या टेबलावर जलरंगांचा कागद, पॅलेट आणि पाण्याची दोन भांडी मांडायला हात आपसूक जातात. छंदाला सवड मिळण्यासाठी आजारी पडावे लागत असेल, तर हिशेबात कुठेतरी गफलत आहे, आणि हिशेब हा तर माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. या कामाचा ताण रोज सारखा नसतो. महिन्याच्या मध्यावर दिवस बऱ्यापैकी आटोक्यात असतो; महिना संपत आला की प्रोव्हिजनच्या (बिल न आलेल्या खर्चाच्या तरतुदीच्या) एंट्र्या, बँकेचे रिकन्सिलिएशन (बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा मेळ) आणि निरनिराळ्या विभागांकडून उशिरा येणारी बिले यांची गर्दी होते, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत 'बुक्स क्लोज', म्हणजे महिन्याचे हिशेब बंद, होईपर्यंत घरी जाण्याची वेळ कुणी कुणाला विचारत नाही. तिमाहीअखेर त्याहून कठीण, आणि वर्षअखेर व त्यामागोमाग येणारे ऑडिट यांबद्दल तर बोलायलाच नको. ही तक्रार नव्हे. ताळा जमल्याचा आनंद हा खरा आनंद असतो आणि तो मला चित्र जमल्याच्या आनंदापेक्षा हलक्या प्रतीचा कधीच वाटला नाही. नोकरी ही सक्तीची आणि छंद म्हणजेच खरे आयुष्य, अशी वाटणी करणाऱ्यांशी माझे म्हणूनच पटत नाही. मला दोन्ही हवे आहे, आणि दोन्ही करायला जे शरीर लागते तेही धड हवे आहे.

या तिघांची समजूत घालण्याचा सर्वपरिचित उपाय म्हणजे दिवसाचे तीन भाग पाडणे. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही मागणी रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ मध्ये मांडली, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ सालच्या अगदी पहिल्या करारात उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. गिरणीत चौदा-चौदा तास राबणाऱ्या माणसासाठी ती मागणी क्रांतिकारक होती, आणि आजही ज्यांना तेवढी मर्यादा मिळत नाही त्यांच्यासाठी ती तितकीच मोलाची आहे. परंतु आपल्या दिवसाचे नियोजन करताना आपण तीच वाटणी मांडतो तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. त्या मांडणीत सगळे तास एका वजनाचे धरलेले असतात. प्रत्यक्षात सकाळचा तास आणि रात्री जेवणानंतरचा तास यांच्यात एवढा फरक असतो की दोघांना एकच नाव देणे हीच मोठी सवलत म्हणायची. शिवाय करमणुकीच्या आठ तासांत प्रवास, घरकाम, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधे हे सगळे बसवून झाल्यावर उरते ते दिवसाचे सर्वांत शिळे टोक, आणि छंदाच्या वाट्याला बहुधा तेच येते.

तेही अपुरे पडते तेव्हा आपण झोपेला हात घालतो. झोपेसारखा सोशिक सावकार दुसरा नाही: मागाल तेवढे देते, कागद लिहून घेत नाही, आणि वसुलीला येते तेव्हा कर्ज कुठल्या कामासाठी घेतले होते याची चौकशी करत नाही. नोकरीने घेतलेले उसने आणि छंदाने घेतलेले उसने तिच्या खात्यात एकत्रच जमा होते. रात्री झोप आलेली असूनही, बाहेरून कसलीही अडचण नसताना, माणूस झोपणे का लांबवतो यावर उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि या चालढकलीकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहायला सुरुवात झाली. माझ्यापुरते उत्तर असे, की दिवसभर प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी मागणीवर खर्च झाल्यावर रात्रीचे साडेअकरा ही पहिली अशी वेळ असते की जिच्यावर कुणाचाही हक्क नसतो, आणि ती लगेच झोपेला देऊन टाकणे जिवावर येते.

गंमत अशी, की निदान जलरंगांच्या बाबतीत तरी ही चोरलेली वेळ फारशी उपयोगाचीही नसते. पिवळसर दिव्याच्या उजेडात कागदाचा पांढरा रंग स्वतःच पिवळट दिसतो, त्यामुळे फिका लेमन यलो लावला तरी लागल्यासारखा वाटत नाही. मग माणूस त्यावर आणखी एक हात देतो, निळ्या छटाही मंद वाटतात म्हणून त्यांनाही जोर देतो, आणि सकाळच्या उजेडात तेच चित्र पाहिले की आभाळ भडक आणि ऊन हळदीसारखे झालेले असते. दिवा बदलून हा दोष बराचसा कमी करता येतो, नाही असे नाही. पण दमलेल्या डोळ्याचा आणि दमलेल्या निर्णयशक्तीचा दोष दिव्याने जात नाही. जलरंगात निर्णय झटपट घ्यावा लागतो. कलता धरलेल्या बोर्डावर वरून खाली वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओढत आणताना ब्रशच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक फुगीर रेघ जमते. ती रेघ सुकू न देता प्रत्येक फटकाऱ्यासरशी खाली नेली तर आभाळ सलग उतरते. मध्येच थांबलात तर तिथे कडक कड उमटते. आणि ओल्या कागदावरची चमक नुकतीच गेलेली असताना, 'एवढे एक नीट करू' म्हणून तिथे पाणीदार ब्रश टेकवला, तर पाणी आतला रंग ढकलत बाहेर पसरते आणि फुलकोबीसारखा डाग कायमचा बसतो. ब्रश टेकवू नये हे ठाऊक असणे आणि ऐन वेळी हात आवरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रात्री उशिरा दुसरी आधी जाते.

कार्यालयातही हेच घडते, फक्त तिथे डागाऐवजी फरक पडतो. ताळा जमत नसेल आणि फरकाच्या रकमेला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले असण्याचा संशय घ्यावा, हे लेखापालांचे जुने शहाणपण आहे: ५,४६३ च्या जागी ५,४३६ पडले की फरक येतो २७. असे सत्तावीस आणि चौपन्न शोधण्यात जी रात्र जाते, ते बहुतेक आदल्या रात्री उशिरा बसून केलेल्या एंट्र्यांचेच फळ असते. तेवढा वेळ कुणाच्याही हजेरीपत्रकावर वाया गेलेला म्हणून नोंदला जात नाही. उलट तो 'जास्तीचे काम' म्हणून कौतुकाला पात्र ठरतो.

यामागची शरीरातील व्यवस्था फार गूढ नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. कॅफीन ते काढून टाकत नाही, फक्त त्याच्या बसण्याच्या जागा अडवून ठेवते. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीअधिक, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा भाग रात्री अकरालाही कामावर हजर असतो. दुसरी गोष्ट छंदिष्टांना अधिक लागू पडावी. २००२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काही जणांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा सराव करायला लावला. रात्रभर झोप घेतल्यावर, मध्ये काहीही जादा सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला, आणि तेवढाच काळ नुसते जागे राहिल्याने तशी सुधारणा झाली नाही. ब्रश आणि कळा एक नव्हेत हे मान्य, परंतु हाताने शिकायच्या कुठल्याही कलेत रियाजाचा एक हिस्सा झोपेत पार पडतो, एवढे त्यातून घेता येते. झोप कापून सराव करणारा माणूस म्हणजे मग सराव करून त्याची पावतीच फाडून टाकतो.

तेव्हा प्रकृतीला तिसरा वाटेकरी मानणे मी सोडून दिले. ती वाटेकरी नाहीच. जमीन तिची आहे आणि बाकी दोघे तिच्यावर कसतात. प्रौढांनी रात्री किमान सात तास झोपावे ही तज्ज्ञांची शिफारस, आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम व किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस, या दोन्ही मी वाटाघाटीतून बाहेर काढल्या. मला व्यायाम आवडत नाही. तो आवडायला लागेल असे ज्यांनी ज्यांनी आश्वासन दिले ते सगळे खोटे ठरले आहेत. दिवसाला वीस-बावीस मिनिटे झपाझप चालणे मी दात घासण्याच्या निष्ठेने करते, त्यातून प्रेरणा वगैरे मिळण्याची वाट पाहत नाही, आणि विषय संपवते.

मान मात्र एवढ्यावर ऐकत नाही. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते आणि ते पुढे झुकवले की मानेच्या मागच्या स्नायूंवरचा भार झपाट्याने वाढतो. मी दिवसभर स्क्रीनकडे वाकून बसत असे आणि नंतर 'विरंगुळा' म्हणून टेबलावर पसरलेल्या कागदाकडे तशीच वाकून बसत असे. मनाला बदल मिळत होता, पण मानेच्या दृष्टीने ती एकच पाळी होती, केवळ खाते बदललेले. डॉक्टरांनी वेदनेचे कारण विचारले तेव्हा मी नोकरीकडे बोट दाखवले, आणि त्यांनी शांतपणे विचारले, 'चित्रे कशी काढता, बसून की उभ्याने?' तेव्हापासून बोर्ड कोपराच्या उंचीच्या स्टँडवर कलता लावते आणि उभी राहते. वॉश उतरायला बोर्ड कलता हवाच असतो, त्यामुळे चित्राचे नुकसान झाले नाही. उलट उभ्याने हात खांद्यापासून फिरतो आणि फटकारा लांब, मोकळा येतो. पहिला थर वाळेपर्यंत करण्यासारखे काहीच नसते. त्या वेळात खांदे फिरवावेत, खिडकीतून दूरवर पाहावे. घाई केली तर डाग ठरलेला आहे, त्यामुळे ही विश्रांती टाळण्याची सोयच नाही. मोबाइल मात्र या वेळात हातात घ्यायचा नाही, कारण तो घेतला की थर वाळून खडखडीत झाल्यावरच मान वर होते.

आता मुख्य वादाकडे येते, कारण झोप आणि चालणे बाजूला काढल्यावर नोकरी आणि छंद समोरासमोर उभे राहतात. त्यांचे भांडण तासांच्या संख्येवरून नसते. ताजा तास कुणाला मिळणार यावरून असते. कामावरून परतल्यावर दोन तास मोकळे असूनही कागदाला हात का लागत नाही, याचा मी बराच काळ आळस हा खुलासा स्वीकारला होता. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्यावरच रेंगाळत राहतो आणि दुसरे काम त्यामुळे निकृष्ट होते. लेखा विभागातील कुठला दिवस पूर्ण होऊन संपतो? कुणाचे तरी बिल यायचे असते, कुणाची तरी मंजुरी अडलेली असते. ते सगळे डोक्यात घेऊन कागदासमोर उभे राहिले की आभाळाच्या जागी आकड्यांचे रकाने दिसतात.

यावर सकाळ हाच तोडगा आहे, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा म्हणजे ब्रिटिश टपाल खात्यात तीन दशकांहून अधिक काळ नोकरी करता करता डझनावारी कादंबऱ्या लिहिणारे अँथनी ट्रोलप. रस्त्याकडेच्या टपालपेट्या ब्रिटिश बेटांवर बसवण्यामागे ज्यांची सूचना होती, ते हेच गृहस्थ. पहाटे साडेपाचला ते मेजावर बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असा नेम पाळत. हा किस्सा सांगताना लोक दोन तपशील गाळतात. त्यांना उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक वृद्ध नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आणि हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती त्यांच्या पत्नी रोझ करून देत. थोरांच्या दिनचर्या वाचताना मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारते, की त्या वेळी घरातले बाकीचे काम कोण करत होते. बोरोदिन यांच्या घरी याच्या नेमके उलट होते: नातेवाइकांचा राबता एवढा, की पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपले आहे म्हणून त्यांना कित्येकदा पियानो वाजवता येत नसे. शिस्त दोघांच्याही अंगी असेल, पण घर दोघांचे वेगळे होते.

माझ्याकडे नोकर नाही आणि पहाटे साडेपाचही नाही, कारण ते जमवायला रात्री साडेनऊला दिवे मालवावे लागतील. माझा ताजा तास साडेसहा ते साडेसात. या तासात ईमेल उघडायचे नाही, एवढा एकच नियम त्याला तगवून आहे. एकदा का इनबॉक्स पाहिला की तो तास नोकरीचा झाला, मग पुढे ब्रश हातात असला तरी फरक पडत नाही. तयारी आदल्या रात्रीच करून ठेवते: कागद बोर्डावर ताणून चिकटवलेला, पेन्सिलीचे रेखाटन झालेले, रंग ट्यूबमधून पॅलेटवर काढलेले. रात्रीच्या शिळ्या तासाला ही हमाली छान जमते. चित्र काढण्याचा निर्णय आणि चित्रातले निर्णय असे वेगळे केले की दमलेल्या मनाकडून फक्त पहिल्याची अपेक्षा उरते.

क्लोजिंगच्या दिवसांत तेही नाही. तेव्हा पोस्टकार्डाएवढी वही, एक पेन आणि जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटे. समोरच्या सहकाऱ्याचा बूट, पाण्याची बाटली, खुर्चीच्या पाठीवरचा कोट, जे दिसेल ते. रोजच्या रोज तिन्ही पारडी सम ठेवण्याचा आग्रह ज्या कामाला भरती-ओहोटी आहे तिथे मुळातच चुकीचा आहे. ताळेबंद वर्षाचा असतो, दिवसाचा नव्हे. सवय जडायला एकवीस दिवस लागतात, मध्ये खंड पडला की सगळे मुसळ केरात, हे सर्वत्र सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१० सालच्या अभ्यासात मात्र हा काळ १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला आढळला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही असेही दिसले. क्लोजिंगनंतर पहिल्या सकाळी हात जड असतो, वॉश फाटतो, दोन-तीन कागद वाया जातात. ते धरूनच चालायचे.

छंद टिकवायचा असेल तर त्याच्याकडून काय मागायचे नाही हेही ठरवावे लागते. चित्रे बरी यायला लागली की हितचिंतक विचारू लागतात, विकायला का ठेवत नाहीस, क्लास का काढत नाहीस, रोज एक चित्र टाकत जा ना. यातले काहीही केले की ताज्या तासाला मुदत, ग्राहक आणि आकडे चिकटतात, म्हणजे माझ्याकडे एकाऐवजी दोन नोकऱ्या होतात आणि छंद पुन्हा बिनजागेचा राहतो. ज्यांना त्यातून उपजीविका उभी करायची आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कष्टाची आहे. मला वाईट चित्र काढून ते कुणालाही न दाखवण्याचे स्वातंत्र्य जास्त महत्त्वाचे वाटते.

हे सगळे लिहीत असताना एक गोष्ट ठाऊक आहे, की तास वाटून घ्यायला मुळात हातात असावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ सालच्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृद्‍रोगाने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. तिथे पहाटे उठून रंग घोटण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होईल. कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला, तो माणसांना वेळेचे नियोजन शिकवावे म्हणून नव्हे. माणसाने एकट्याने कितीही नियोजन केले तरी साडेसहाला वाजणारा फोन थांबत नाही म्हणून.

माझ्याकडचा फोन मात्र विचारल्यावर थांबला. सकाळी आठच्या आत कॉल ठेवू नयेत, मी त्या वेळी उत्तर देणार नाही, असे मी आमच्या मॅडमना सांगितले. कारण काय म्हणून त्यांनी विचारले. प्रकृतीचे कारण पुढे करणे सोपे होते, पण मी चित्रे काढते असेच सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'काढा की. फक्त ऑडिटच्या दोन आठवड्यांत हे चालणार नाही.' ते मला मान्य होते, आणि पुढच्या ऑडिटच्या तारखा मी तिथेच, त्यांच्यासमोर, कॅलेंडरवर लिहून घेतल्या.